मदत हवी आहे: मे महिन्यात आईला घेऊन आफ्रिकेच्या जंगलात मुक्काम. केनियातलं मसाई मारा की आणखी कुठे?

नमस्कार मंडळी,

ताडोब्याच्या चार आणि पेंचच्या दोन खेपा झाल्यावर आमच्या चिरंजीवांनी (वय ९) जाहीर केलंय की आता हत्ती आणि सिंह एकाच दिवसात बघायचे. मेच्या सुट्टीत आठ-नऊ दिवस आहेत. आम्ही दोघं, तो आणि माझी आई (७१). आईचा रक्तदाब गोळीवर आटोक्यात आहे, गुडघे कुरकुरतात आणि रात्री तिला दोनदा तरी उठावं लागतं. सगळं अडलंय ते या शेवटच्या मुद्द्यावर.

एका एजंटने मसाई माराचा कार्यक्रम दिलाय. नैरोबीहून नारोकमार्गे गाडीने जायचं आणि तीन रात्री तंबूत राहायचं. फोटोत तंबू झकास आहे, पलंगबिलंग सगळं. मी सहज विचारलं, कुंपण कुठे दिसत नाही ते? तर म्हणाला, "कुंपण नाहीच मॅडम, तीच तर मजा!" रात्री नदीतून पाणघोडे वर चरायला येतात म्हणे. अंधार पडल्यावर तंबूबाहेर पाऊल टाकायचं असेल तर टॉर्च हलवायचा, मग मसाई रखवालदार येऊन जेवणाच्या मंडपापर्यंत सोडतो. नवरा हे ऐकून खूश. माझी तेव्हापासून झोप उडाली आहे.

कोणी म्हाताऱ्या माणसाला घेऊन असं राहिलंय का? आणि अभयारण्याच्या दाराबाहेर राहिलं तर स्वस्त पडतं असंही तो म्हणाला. खरं का?

– तळटीप

नैरोबीकर
सहा वर्षं तिकडे काढली आहेत म्हणून लिहितो. कुंपण नाही याचा एवढा धसका घेऊ नका. प्राण्यांच्या लेखी बंद तंबू म्हणजे एक मोठा धोंडा. आत खायचं काही ठेवायचं नाही आणि चेन पूर्ण लावायची, की झालं. फक्त संडास तंबूला आतूनच जोडलेला आहे हे एजंटकडून लेखी घ्या, कारण स्वस्त ठिकाणी तो बाहेर वीस पावलांवर असतो. रात्री थंडी चांगलीच पडते (मारा १,५०० मीटरच्या वर आहे), म्हणून पांघरुणात रबरी गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात. हे आधी सांगत नाहीत! पहिल्या रात्री माझ्या पायाला काहीतरी गरम आणि मऊ लागलं आणि मी असा ओरडलो की रखवालदार धावत आला.

आता स्वस्ताचं. परदेशी प्रौढाला प्रवेशशुल्क जानेवारी ते जून माणशी रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वयाला ५०, म्हणजे तुमचे चिरंजीव नेमके त्यात बसतात. बाहेर राहणाऱ्याचं तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. एजंट लोक नैरोबीहून दुपारी तीनला पोचवतात आणि लगेच आत नेतात, म्हणजे तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे. बाहेर राहायचंच तर पहिल्या दिवशी नुसते पाय पसरून पडा आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला दारात हजर व्हा.

माझी खरी हरकत महिन्याला आहे. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस. काळ्या चिकट मातीत फोर बाय फोरसुद्धा रुतून बसते. विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप तेव्हा खाली टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात, माऱ्यात येतात ते जुलैच्या आसपास.

मात्रा_आणि_वळसा
पेशाने डॉक्टर आहे, म्हणून थोडं कडू लिहिते. पाणघोड्यांपेक्षा पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा विचार आधी करा. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, आणि प्रमाणपत्र जन्मभर चालतं. तुम्हा तिघांना सहसा अडचण येऊ नये. पण ही जिवंत लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका वाढतो. तो दुर्मीळच, पण आहे. काकूंना केंद्रातल्या डॉक्टरांपुढे प्रत्यक्ष बसवा, सगळ्या गोळ्या दाखवा, मग ठरवा. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

तळटीप
लशीबद्दल एजंट चकार शब्द बोलला नव्हता. फोन केला तर म्हणतो, "ते आपण बघून घेऊ." काय बघून घेणार आहे?

जोबर्गकर
मग दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरच्या जंगलात या की! मे म्हणजे इथे कोरड्या हंगामाची सुरुवात. गवत बसायला लागतं, जनावरं पाणवठ्यावर यायला लागतात आणि डास इथल्या उन्हाळ्यापेक्षा कमी असतात (तरी मलेरियाचं डॉक्टरांना विचाराच). भारतातून येताना पीतज्वराचं काही लागत नाही. एकच सांभाळा, नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका, नाहीतर तेच लचांड मागे लागू शकतं. दुबई किंवा दोहामार्गे या. व्हिसाला मुलाचा आईबापांची नावं असलेला जन्मदाखला जोडावा लागतो.

क्रुगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बफरसकट ताडोब्याच्या अकरापट. आत सरकारी विश्रामछावण्या आहेत. त्यांना विजेचं कुंपण, आत गवताने शाकारलेल्या गोल खोल्या, संडास-बाथरूम खोलीतच. रात्री कुंपणाच्या पलीकडून तरस घिरट्या घालतं, आणि काकू अलीकडे व्हरांड्यात खुर्चीवर. बऱ्याच खोल्यांना स्वयंपाकाची सोय आणि फ्रिज व्हरांड्यातच असतो. दार नीट लावा, माकडं उघडतात. आमचं अख्खं श्रीखंड गेलंय!

गाडी आपली आपण चालवायची, रस्ता आपल्यासारखाच डावीकडून. डांबरीवर ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० ची मर्यादा. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून धड बाहेर काढायचं नाही. मे महिन्यात छावणीचं फाटक सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला तर दंड. "समोर हत्ती उभा होता" हे कारण तिथे रोज ऐकतात, त्यामुळे चालत नाही.

शंकासुर
डांबरी रस्ता, फ्रिज, कुंपण. याला जंगल म्हणायचं? सिंहामागे दहा गाड्यांची रांग.

जोबर्गकर
सिंह दिसला की रांग लागते, मान्य. माऱ्यात लागत नाही का? पण मातीच्या रस्त्यावर सकाळी सव्वासहाला वळा, तासभर दुसरी गाडी दिसत नाही. आणि ७१ वर्षांच्या बाईला रात्री दोनदा उठायचं असेल तर कुंपण म्हणजे भित्रेपणा नव्हे.

तळटीप, छावण्यांचं आरक्षण ११ महिने आधी उघडतं, त्यामुळे आजच बघा. पहिली रात्र मलेलेन फाटकाजवळच्या बर्ग-एन-दालला काढा, जोहान्सबर्गहून एका दिवसात पोचता. मग वर साताराला तीन रात्री. होय, सातारा! खरंच तिथल्या छावणीचं नाव आहे. जमिनीची मोजणी चालली होती तेव्हा मोजणीदाराच्या हाताखालच्या भारतीय माणसाने १७ नंबरच्या तुकड्याला 'सत्रा' म्हटलं, त्याचं सातारा झालं असं सांगतात. आसपास मोकळं गवताळ रान आहे, सिंहांसाठी तोच भाग नावाजलेला. पूर्वेकडे जाणारा एस १०० नावाचा मातीचा रस्ता सकाळी सोडू नका.

तळटीप
सगळ्यांचे आभार. एजंटला 'नाही' म्हणून कळवलं. बर्ग-एन-दालची एक आणि साताराच्या तीन रात्री मिळाल्या. नवऱ्याचं तोंड दोन दिवस उतरलं होतं. छावणीतून रात्रीची फेरी करवणारा सरकारी उघडा ट्रक असतो आणि त्यात पोरगंही चालतं, हे कळल्यावर सावरला.

आईचं माहेर वाई. तिला नाव सांगितलं तर म्हणाली, साताऱ्याला जायला व्हिसा लागतो हे आत्ताच कळलं. आता ती रोज डाळतांदळाचा हिशोब करतेय. जोबर्गकर, डाळतांदूळ इथून आणू की तिथे फाटकाबाहेर मिळेल? छोटा कुकर तर बॅगेत घालूनही झाला.