ॲडलेड ते न्यूकॅसल आतल्या रस्त्याने, आई-दादांना घेऊन

पारोळेकर
राम राम मंडळी. लहान भाऊ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बायका-पोरांसकट तिकडे जातोय, सोबत आई आणि दादा पण (वडील, सत्तरी पार, बीपीच्या गोळ्या चालू). भावाच्या डोक्यात आहे की समुद्राकडेकडेने न जाता कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायची आणि ब्रोकन हिल, विल्कॅनिया, कोबार, नायंगन, डब्बो असं आतून जाऊन न्यूकॅसलला समुद्र गाठायचा. दादांनी जन्म कापसाच्या वावरात काढला, त्यांना मोकळं माळरान बघायचंय, शहरं नकोत म्हणतात. उन्हाची भीती आम्हाला नाही, जळगाव-भुसावळचा मे बघितलेले लोक आहोत. कोणी गेलंय का या रस्त्याने? आई-दादा मागे कॅराव्हॅनमध्ये झोपून आले तर चालेल ना?

तापीकाठ
जिभाऊ, शेवटचं आधी. नाही चालत. गाडीला मागे जोडलेल्या कॅराव्हॅनमध्ये गाडी चालू असताना कोणीच बसायचं नाही, तिथे कायद्याने बंदी आहे. त्यापेक्षा मोटरहोम घ्या, म्हणजे एकच गाडी, सीट आणि बेल्ट आत, पलंग मागे. साडेचार टनापर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालते, स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, म्हणजे तुम्ही पण चालवू शकता.

आता उन्हाचं. मे मध्ये तिकडे ऊन नसतंच, थंडीची सुरुवात असते, रात्री स्वेटर लागतो, आई-दादांसाठी जाड पांघरूण ठेवा. भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगायची, ती म्हणजे मोकळेपणाची. विल्कॅनिया ते कोबार २६० किमी. म्हणजे जळगावहून नाशिकला निघालात आणि मध्ये पारोळा नाही, धुळं नाही, मालेगाव नाही, चांदवड नाही, फक्त एका ठिकाणी एक रोडहाऊस, एमडेल नावाचं, तिथे डिझेल आणि चहा मिळतो, बस. आपल्याकडे गाडी बंद पडली की दहा मिनिटांत चार जण जमतात आणि पाचवा मेकॅनिकला फोन लावतो, तिथे तुम्हीच. म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची, पिण्याचं पाणी माणशी भरपूर जास्तीचं, आणि गाडी बंद पडली तर मदत शोधायला चालत निघायचं नाही, गाडीजवळच थांबायचं. मोबाईलची रेंज गावं सोडली की लांबलांबपर्यंत नसते, त्यातल्या त्यात टेल्स्ट्राचं नेटवर्क जास्त पोचतं.

सातपुड्याची_पोर
संध्याकाळी आणि पहाटे गाडी चालवूच नका, हे हात जोडून सांगते. कांगारू तेव्हाच बाहेर पडतात आणि लाईट दिसला की सरळ अंगावर येतात, शिवाय त्या पट्ट्यात इमू आणि रानबकऱ्या. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात अंधारात चालवायला मनाईच असते, नीट वाचा. आणि रोड ट्रेन! एका ट्रकला दोन-तीन ट्रेलर, काही ५३ मीटरपर्यंत लांब, शेजारून गेली की मोटरहोम हलते. घाईने ओव्हरटेक नको, ती आली तर स्पीड कमी करा आणि जाऊ द्या.

बाकी ब्रोकन हिलला दोन रात्री थांबाच. चांदी, शिसं, जस्त यांच्या खाणीवर उभं राहिलेलं गाव आहे, बीएचपी ही खाणकंपनी १८८५ ला इथेच सुरू झाली. गंमत म्हणजे गाव न्यू साउथ वेल्स राज्यात पण घड्याळ शेजारच्या राज्यातल्या ॲडलेडचं. तिथे उंटवाल्यांची जुनी पत्र्याची मशीद आहे, आपल्या उपखंडातून आणि अफगाणिस्तानातून गेलेल्या माणसांनी उंटांवर माल वाहून ही गावं जगवली, दादांना ते नक्की आवडेल. विल्कॅनियाला डार्लिंग नदीचा काठ बघा, एके काळी तिथून आगबोटींनी लोकर जायची.

पारोळेकर
खूप आभार दोघांचे, मोटरहोमचं भावाला आजच सांगतो. दादांच्या तब्येतीचं काही झालं तर? आणि आईने कळण्याचं पीठ आणि शेवभाजीचा मसाला बांधून ठेवलाय, ते?

तापीकाठ
दवाखाने ब्रोकन हिल, कोबार, डब्बो इथे आहेत. इमर्जन्सी नंबर ०००. फ्लाइंग डॉक्टर म्हणून सेवा आहे, १९२८ पासून विमानाने डॉक्टर पोचवतात, ब्रोकन हिल आणि डब्बो दोन्हीकडे त्यांचे तळ आहेत. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. दादांचा प्रवास विमा आजार आधीपासून आहे हे सांगून काढा, लपवून नको.
पीठ-मसाला विमानतळावर फॉर्मवर लिहा, ठेवायचं की नाही ते तपासणारे ठरवतील, न सांगता नेलं तर जबर दंड. आणि डब्बोहून पुढे गोल्डन हायवे धरा म्हणजे सिडनीकडचे डोंगर लागत नाहीत, मोटरहोमला सोपं जातं. सगळं मिळून सोळाशे किमीच्या आसपास होतं, आठवडा तरी ठेवा. मे अखेरीस पोचलात तर न्यूकॅसलजवळ पोर्ट स्टीफन्सला व्हेल मासे उत्तरेकडे जाताना दिसू लागतात.