खर्चाचं कोण बोलणार?

जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाच्या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की तिथे टॉवर म्हणजे नुसती काच आणि एसी, ते निम्मंच पटलं. मुंबईतला भेंडीबाजार बघा ना, १६.५ एकर, सुमारे ३२०० कुटुंबं नि १२५० दुकानं, आणि प्लॅन तिथल्या तिथेच पुनर्वसनाचा, खाली दुकानं वर घरं ही जुनी रीत मोडलेली नाही. सोलर, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) सगळं प्लॅनमध्ये आहे. पण मेंटेनन्सचं काय? पागडीत (एकदाच मोठी रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या घरात) भाडं नाममात्र होतं (संडास कॉमन, तो भाग वेगळा), आता किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर म्हटलं की लिफ्ट, पंप, एसटीपीचा खर्च आलाच. आमच्या सोसायटीत वीजबिल वाचवायला एसटीपीचा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद ठेवायचे, वास पार दुसऱ्या मजल्यापर्यंत, ते पाणी फ्लशला वापरण्याजोगं राहीना, शेवटी फ्लशला टँकरचं पाणी.