शांतिसेना परत आली, पण युद्ध संपलं का?

दाभोळखाडी:
काल इथे कुणीतरी लिहिलं, अमेरिका आधी व्हिएतनाममधून आणि मग 2021 ला काबूलमधून गाशा गुंडाळून पळाली, आपला भारत मात्र कधी परक्या लढाईत अडकला नाही. वाचून डोकंच फिरलं. गिरणी बंद पडली म्हणून 83 ला बेळगावला भरती झालेले माझे काका मग श्रीलंकेत जाफन्याला कशाला गेले होते? 29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना गेली वाघांची, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या एलटीटीईची, हत्यारं जमा करायला, आणि ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढाई जुंपली ज्यांना आपल्याकडेच ट्रेनिंग मिळालं होतं. सुमारे 1,200 जवान गेले. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून बोटीने निघाली, आणि मद्रासला मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही आले नाहीत. जिंकलो म्हणून कुणी पेढे वाटले नाहीत, चुकलं म्हणून कुणी जबाबदारी घेतली नाही.
काका काळी ट्रंक घेऊन घरी आले. आजीने त्यांची 56 एपीओची, म्हणजे लष्करी टपालाने आलेली, सगळी पत्रं जपून ठेवली होती, काकांनी त्यातलं एकही उघडून बघितलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या वाडीत पंप बसवला, पाणंदीवरून काळी वायर आडवी टाकलेली. आम्ही पोरं शाळेतून येत होतो तर काका तिथे हात आडवा करून उभे. पाऊण तास कुणाला ओलांडू देईनात. आजी धावत आली, अरे पंपाची वायर ती, बाबा. काकांचा शर्ट घामाने भिजलेला, नजर त्या वायरवरच. त्यामुळे युद्ध 90 ला संपलं असं मला कुणी सांगू नका.

खेडवाला:
ती पोस्ट माझी. काकांबद्दल आदर आहे, पण तुलना चुकतेय. आपण घुसलो नव्हतो, श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सही केली म्हणून गेलो. अमेरिका अफगाणिस्तानात वीस वर्षं बसली, आपण अडीच वर्षांत बाहेर. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा जा म्हणाले, इकडे व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, त्यांनी फौज माघारी आणली. वेळेवर निघालो याला अडकणं म्हणत नाहीत.

गुहागरची लेक:
वेळेवर? 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींना मारलं ते विसरलात? आणि ज्या प्रेमदासांनी आपल्या फौजेविरुद्ध वाघांना हत्यारं दिली त्यांनाच वाघांनी 1 मे 1993 ला उडवलं. तिथलं युद्ध मे 2009 पर्यंत चाललं. करारामुळे आलेली श्रीलंकेची 13 वी घटनादुरुस्ती आजही अर्धीच आहे, पोलीस आणि जमिनीचे अधिकार तमिळ प्रांतांना मिळालेच नाहीत. मग आपली पोरं कशासाठी गेली हो?

महाडचा माजी सुभेदार:
मी तिथे होतो म्हणून लिहितो. आमच्याकडे एकेक गोळी सुटणारी एसएलआर रायफल, त्यांच्याकडे धडाधड गोळ्या सुटणारी एके. सुरवातीला धड नकाशे नाहीत. ताडाच्या शेंड्यावरून गोळी यायची आणि रस्त्याखाली सुरुंग. 8 महारचे मेजर परमेश्वरन, 25 नोव्हेंबर 1987, छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं, परमवीर चक्र मिळालं. आमच्या तालुक्यातल्या शाळेत जाऊन विचारलं तर एकाही पोराला हे नाव माहीत नव्हतं. कारगिल सगळ्यांना पाठ. कारगिल टीव्हीवर होतं, आम्ही नव्हतो.

वेंगुर्ल्याचा मास्तर:
सुभेदारसाहेब, नमस्कार. पण दुसरी बाजूही बोला. ऑक्टोबर 1987 मध्ये जाफन्याच्या हॉस्पिटलात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, पेशंट मेले. तिथली माणसं शांतिसेना म्हटलं की आधी तेच सांगतात.

महाडचा माजी सुभेदार:
मास्तर, खुर्चीत बसून बोलणं सोपं असतं. माझ्या शेजारचा पोरगा साताऱ्याचा, वीस वर्षांचा, त्याला पोत्यात गोळा केला आम्ही. गोळी कुठून आली ते कळत नसतं तिथे.

वेंगुर्ल्याचा मास्तर:
तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण मेलेल्या नर्सचंही घर होतं ना. दोन्ही मांडल्याशिवाय हे बोलणं अर्धवट राहतं, आणि मी ते मागे घेणार नाही.

कुडाळी:
माका एक सांगा, गिरणी बंद पडली म्हणान भरती झाले ह्या वाचलास काय कोणी? माझो बापूस 18 जानेवारी 82 क संपात भायर पडलो तो परत आत गेलोच नाय. संप मिटलो असा आजपर्यंत कोणी सांगूक नाय. आमची निम्मी वाडी मुंबैसून परत इली, कोण होडयेर गेलो, कोण पलटणीत.

खेडवाला:
आता संप मध्ये कुठून आला? आणि आणायचाच तर दत्ता सामंतांनी अडीच लाख कामगारांना कशात ढकललं तेही बोला. मागे फिरायची वाट न ठेवता लढाई सुरू केली.

कुडाळी:
सामंतांक बोलाचा नाय. मालकांका जमिनी व्हयी होते, गिरणी नको होती. आवशीन मंगळसूत्र मोडल्यान माझ्या, तुमच्या घरात कोणी काय मोडल्यान?

खेडवाला:
माझे आजोबाही गिरणीतच होते. 84 ला गावी आले ते पुन्हा मुंबईला गेले नाहीत. गावच्या देवळातल्या सभेत कुणी लालबाग म्हटलं तरी उठून जायचे. तेव्हा मला शिकवू नका.

गुहागरची लेक:
अहो मग तुम्हीच सांगताय की. 84 ला गावी येऊनही तुमच्या आजोबांचा संप संपला नव्हता. आणि तेच दाभोळखाडी त्यांच्या काकांबद्दल बोलतायत तर तुम्ही तारखा काढून दाखवताय.

खेडवाला:
बरं. 'कधी अडकला नाही' हे वाक्य चुकलं, काढतो. पण एक मुद्दा सोडणार नाही, आपण त्यातून शिकलो. 2003 ला अमेरिकेने इराकसाठी सैन्य मागितलं तेव्हा वाजपेयी सरकारने नाही म्हटलं. जाफन्याची आठवण ताजी नसती तर गेलो असतो असं माझं मत.

महाडचा माजी सुभेदार:
हे मात्र पटलं. पोरं वाचली. पण शिकलो असं दिल्लीतून कुणी आम्हाला तोंडाने म्हणालं नाही. पेन्शनच्या एका कामासाठी गेलो होतो, खिडकीतला पोरगा विचारतो, शांतिसेना म्हणजे कुठली? 2019 ला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तिथे भिंतीवर आमच्या पोरांची नावं आहेत, साताऱ्याच्या पोराचं मी बोटाने शोधून वाचलं. तेवढ्यासाठी तीस वर्षं लागावीत?
मास्तर, मघाशी चढ्या आवाजात बोललो. हॉस्पिटलचं मलाही माहीत आहे. त्यावर माझ्याने लिहिवत नाही.

वेंगुर्ल्याचा मास्तर:
नका लिहू साहेब. माझ्या वर्गात या सोमवारी परमेश्वरन शिकवतो. हॉस्पिटलही सांगेन.

कुडाळी:
दाभोळखाडी, त्या पंपाचा पुढे काय झाला?

दाभोळखाडी:
पंप अजून चालतो. वायर दुसऱ्याच दिवशी वडिलांनी काढली आणि आंब्याच्या फांदीवरून उंच नेली. काका गेले 2011 ला. फांदी दर पावसाळ्यात वाढते, वायर खाली लोंबते, दसऱ्याआधी मी शिडी लावून ती परत वर बांधतो.