प्लाझ्मा म्हणजे नुसतं पाणी नव्हे

कुणीतरी लिहिलंय की रक्तातलं खरं काम पेशींचं, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) म्हणजे त्यांना वाहून नेणारं पाणी. हे मला अजिबात पटत नाही. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग प्लाझ्मा आणि त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, हे खरं. पण उरलेल्या भागातली प्रथिनं फार मोलाची आहेत! यकृतात तयार होणारं अल्ब्युमिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं; ते फार कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि पायांवर सूज येते. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन नसेल तर बिंबिका (प्लेटलेट्स) एकट्या पक्की गुठळी करू शकत नाहीत. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडंही (अँटिबॉडीज) प्लाझ्मातच असतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भागसुद्धा बायकार्बोनेटच्या रूपात प्लाझ्मातूनच फुप्फुसांकडे जातो. अर्थात ते बायकार्बोनेट बनतं मात्र मुख्यतः तांबड्या पेशींत, तिथल्या विकरामुळे (एन्झाइममुळे).