बीपी वाढलं की मूत्रपिंड जास्त गाळतं का?

प्रश्न असा की बीपी दिवसभर वरखाली होतं, मग मूत्रपिंडातलं गाळणंही तसंच कमीजास्त होतं का. फारसं नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला साधारण १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात (दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात!). निरोगी माणसात सरासरी रक्तदाब ८० ते १८० मध्ये कुठेही असला तरी हा आकडा फार हलत नाही.

गंमत रचनेत आहे. रक्त गाळलं जातं ते केशवाहिन्यांच्या बारीक गुच्छांत. अशा गुच्छात रक्त आणणारी धमनिका (अगदी बारीक धमनी) आणि बाहेर नेणारीही धमनिकाच. म्हणजे नळ दोन्हीकडे. दाब वाढून आत येणारी ताणली गेली की ती आपसूक आवळते. शिवाय गुच्छात गाळलेला द्रव नेणारी मूत्रनलिका पुढे जाऊन, वळसा घेऊन त्याच गुच्छापाशी परत येते. गाळणं वाढून तिथल्या पेशींना जास्त मीठ जाणवलं की त्याही आतला नळ आवळायला लावतात. उलट दाब घटला की मूत्रपिंडातून रेनिन नावाचं द्रव्य सुटतं, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि ते मुख्यतः बाहेरचा नळ आवळून गुच्छातला दाब टिकवतं.

आता औषधांचं. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या बाहेरचा नळ सैल ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं आतला नळ उघडा ठेवणारी शरीरातली रसायनं (प्रोस्टाग्लँडिन्स) रोखतात. दोन्ही एकत्र घेतल्या, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू आणि जुलाबांनी शरीर कोरडं पडलेलं असेल, तर क्रिएटिनिन (गाळणं घटलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) झपाट्याने चढू शकतं. त्यामुळे बीपीची गोळी घेणाऱ्यांनी गुडघेदुखीसाठी परस्पर दुकानातून वेदनाशामक आणू नये, डॉक्टरांना विचारावं. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.