ठासणीच्या बंदुकांच्या मेळाव्यात नवख्याने जावे काय? सल्ला हवा आहे

रामबागकर (इंदूर), धागाकर्ता

सप्रेम नमस्कार.

येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता सिनसिनाटी येथे मुलीकडे जाणार आहोत. तिच्या घरापासून मोटारीने सुमारे तासाभराच्या अंतरावर, इंडियाना राज्याच्या आग्नेय भागात, फ्रेंडशिप नावाचे एक लहानसे खेडे असून, तोंडाकडून भरायच्या बंदुका चालवणाऱ्यांच्या अमेरिकी राष्ट्रीय संघटनेचे मैदान तेथे आहे. १९३३ साली स्थापन झालेली ही संघटना दरवर्षी जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तेथे मोठा मेळावा भरवते असे जावयांनी कळवले, आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

कारण सांगतो. आजोबांची शेती बडवाहजवळ होती आणि रानडुकरांच्या उपद्रवामुळे त्यांच्याकडे परवान्याची एक टोपीदार बंदूक होती. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, प्रत्येक वेळी गजाने ठासणे, आणि सर्वांत शेवटी मागच्या बोंडावर आघाताने ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी, हा सगळा सोहळा मी लहानपणी अनेकदा पाहिला आहे. गज धरून उभे राहण्याचा मान माझा असे. चापाला मात्र त्यांनी मला कधी बोट लावू दिले नाही. ते गेल्यावर वडिलांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि तो विषय संपला.

आता माझे वय चौसष्ट आहे, इंग्रजी कामापुरते आहे आणि नेमबाजीचा अनुभव शून्य आहे. काही वर्षांपूर्वी आधुनिक रायफलींचा सराव चालतो अशा एका जागी मी नुसता पाहायला गेलो होतो, तेव्हा ‘आपले येथे काम काय?’ अशा सुरात विचारपूस झाली आणि मी पाच मिनिटांत परत फिरलो. तेव्हापासून धास्ती आहे. परक्या देशात, परक्या लोकांत, स्वतःची बंदूक नसलेल्या म्हाताऱ्याला कोणी जवळ उभे करील काय? करीत असल्यास पहिल्यांदा कोणत्या प्रकारची बंदूक हाती घ्यावी, आणि त्या मंडळींसाठी येथून काय न्यावे? शेव नेणारच आहे. शेवेखेरीज काही सुचवावे.

तीन_एफ (मूळचा लोकमान्य नगर, इंदूर, सध्या ओहायो)

काका, अवश्य जावे. फक्त थेट फ्रेंडशिपला जाण्याआधी एखाद्या रविवारी जवळच्या लहान क्लबाच्या मैदानावर चक्कर मारावी. राष्ट्रीय मेळाव्यात जो तो स्वतःच्या स्पर्धेत गुंतलेला असतो, त्यामुळे तेथे पाहणे आणि गप्पा भरपूर होतात. पण प्रत्यक्ष बार काढायला लहान क्लबच बरा.

आपली धास्ती मला ओळखीची आहे, कारण मीही ती घेऊनच अशा एका मैदानावर गेलो होतो. गोळीबाराच्या ओळीमागे बार भरण्याची बाके होती आणि ओळीत उभे असणाऱ्यांपेक्षा बाकांभोवती रेंगाळणारेच जास्त होते. एका वृद्ध गृहस्थांची चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार पेटवणारी, बंदूक मी बराच वेळ न्याहाळत होतो. त्यांनी नाव-गाव काही न विचारता पहिला प्रश्न केला, तो ‘डावखुरा आहेस का?’ हा. चकमकीची यंत्रणा बहुधा नळीच्या उजव्या बाजूला असते, त्यामुळे डावखुऱ्याच्या तोंडापुढेच रंजक, म्हणजे बार पेटवणारी बाहेरची चिमूटभर दारू, भडकते. मी नाही म्हणताच त्यांनी गज माझ्या हाती ठेवला. त्या दुपारी मी अकरा बार काढले. बंदूक, दारू, गोळ्या, चिंध्या आणि कानांत घालायचे बोळे, सारे त्यांचेच होते. मी पाकीट काढले तेव्हा मात्र ते मनापासून रागावले.

या मंडळींच्या मोकळेपणाचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा बंदुकीतच आहे, असे माझे मत झाले आहे. एक बार नीट भरायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात शेजाऱ्याशी बोलणे होतेच. शिवाय या बंदुकीने फजिती केली नाही असा माणूस त्या मैदानावर सापडणार नाही. दारू घालायची विसरून नुसती गोळी ठासणे ही सर्वांत प्रसिद्ध फजिती होय. माझ्या हातून ती दुसऱ्याच महिन्यात घडली. टोपी फुटली, बार काही निघेना, आणि माझे कान लाल झाले. शेजारच्याने बंदूक मैदानाकडे रोखूनच ठेवायला सांगितले, जरा वेळ थांबायला लावले, आणि मग स्वतःची आदल्या आठवड्याची हकीकत ऐकवली. तोवर तिघे जण तीन उपाय घेऊन हजर झाले होते. एकाजवळ गजाच्या टोकाला लावून गोळी ओढून काढण्याचा मळसूत्री काटा होता, दुसऱ्याजवळ कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गोळी बाहेर ढकलणारी नळकांडी होती, आणि तिसऱ्याचे म्हणणे असे की, बोंड काढून त्या भोकातून चिमूटभर बारीक दारू सारावी, गोळी पुन्हा तळापर्यंत ठासावी आणि ती सरळ उडवून द्यावी. कोणता उपाय बरा यावर त्यांचा जो वाद रंगला, त्यात माझी लाज कुठल्या कुठे गेली. शेवटी नळकांडी जिंकली.

तिसरे कारण धुण्याचे. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतर काजळी आणि क्षार होऊन मागे उरतो. हा मळ हवेतली ओल शोषून लोखंड खातो, म्हणून बंदूक त्याच दिवशी पाण्याने धुवावी लागते. संध्याकाळी सारे जण गरम पाण्याच्या बादल्यांभोवती बसतात आणि लग्नघरी पंगती उठल्यावर भांड्यांपाशी चालाव्यात तशा गप्पा चालतात. जिंकलेल्यालाही आपली बंदूक स्वतःच घासावी लागते.

कायद्याचे दोन शब्द. व्हिजावर आलेल्या पाहुण्याला अमेरिकेत साधी बंदूक हाताळण्यावर संघीय कायद्याचे निर्बंध आहेत. परंतु केवळ काळ्या दारूवर चालणारी, काडतूस न घेणारी, तोंडाकडून भरायची बंदूक १९६८ च्या त्या कायद्यातील ‘बंदुकी’च्या व्याख्येत सहसा बसत नाही. राज्यांचे नियम निरनिराळे असल्यामुळे त्या त्या क्लबाला आधी विचारून घ्यावे.

पहिली बंदूक आजोबांच्या जातीची, म्हणजे टोपीचीच, असावी. चकमकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत जाणवेल इतका वेळ जातो आणि रंजक भडकताच नवखा मान फिरवतो. कधी नुसती रंजक उडते आणि बार होतच नाही. त्याचा संताप पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावा.

विश्वामित्री (बडोदे, सध्या जर्मनी)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त युरोपातील एक बाजू जोडते.

जर्मनीत टोपीची एकबारी बंदूक अठरा वर्षांवरील व्यक्तीला परवान्याविना विकत मिळते. दारू बाळगायला मात्र स्फोटकांच्या कायद्याखाली वेगळे अनुमतीपत्र लागते आणि त्यासाठी शिकून परीक्षा द्यावी लागते. परिणामी नवख्याजवळ बंदूक असते, पण बार नसतो. अनुमतीपत्र असलेल्या जुन्या सभासदाच्या देखरेखीखालीच त्याची सुरुवात होते. म्हणजे येथील आपुलकीला थोडी कायद्याचीही मदत आहे, असे म्हणावे लागेल. माझ्या गुरूंनी पूर्ण एक हिवाळा स्वतःच्या डब्यातली दारू मला मोजून दिली आणि मोजताना दर वेळी तिची किंमतही सांगितली. घेतली मात्र कधीच नाही.

मी तोड्याची, म्हणजे जळत्या दोरीने बार पेटवणारी, बंदूक चालवते. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातली शस्त्रे शाळेच्या सहलीत पाहिली तेव्हापासून तिचे वेड आहे. तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या, १९७१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या स्पर्धांत या बंदुकीचा एक प्रकार आहे, तो तानेगाशिमा या नावाने ओळखला जातो. १५४३ साली पोर्तुगिजांकडून ही बंदूक जपानात ज्या बेटावर पोहोचली, त्याचे हे नाव. अंतर ५० मीटर असते. ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि त्यांतले उत्तम १० धरायचे, असा नियम आहे. तीन चुका आधीच माफ करणारा हा खेळ मला म्हणूनच आवडतो.

एकदा आमच्या क्लबाच्या स्पर्धेत सातव्या बाराला माझा तोडा विझला आणि काड्यांची पेटी सापडेना. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याने आपला बार थांबवला, माझी बंदूक भरून झाली आहे आणि दारूचा डबा बंद आहे याची खात्री करून घेतली, आणि स्वतःच्या पेटत्या तोड्यावर माझा तोडा पेटवून दिला. त्याचे घड्याळ चालूच होते. तो माझ्यामागे एका गुणाने राहिला, आणि ही गोष्ट तो दर वर्षी नव्या सभासदांना माझ्यादेखत सांगतो.

महूकर_निवृत्त

रामबागकर साहेब, वरच्या दोघांनी गोडी सांगितली, आता जरा कडू ऐकावे. ही माणसे प्रेमळ आहेत, ढिली नाहीत. लक्ष्ये तपासायला कोणी पुढे गेले असताना आपण बंदुकीला नुसता हात लावलात, तर मघाशी गज हाती देणारा तोच गृहस्थ आपल्याला ओळीबाहेर काढील, आणि त्यात अपमान मानू नये. दारू शिंगातून वा डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधी मापात घ्यावी आणि मापातून घालावी. मागच्या बाराची ठिणगी तळाशी शिल्लक असली तर मापाएवढीच दारू भडकेल; हातातले अख्खे शिंग भडकले तर हात राहणार नाही. भरताना नळीच्या तोंडावर वाकू नये, विडी-सिगारेट तेथे नेऊ नये, आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज शेवेच्या पुडीत हात घालू नये.

एक गोष्ट आवर्जून पाहावी. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड तेथे हमखास दिसेल. ज्या बंदुकीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ मध्ये भडका उडाला तीच ही, आणि त्या वर्षी १ जुलै रोजी इंदूर आणि महू येथे काय झाले ते आपल्याला सांगणे नलगे. आज ही मंडळी मेण आणि चरबी घरीच वितळवून तिच्या गोळ्यांना लावतात, आणि कोणाचे मिश्रण सरस यावर तासन्‌तास बोलतात. आपण शाकाहारी असाल तर निव्वळ मेण आणि वनस्पती तेल वापरणारेही भेटतील, त्यांच्या बाकावर बसावे.

परतीच्या सामानात दारू, टोप्या किंवा आठवण म्हणून शिशाची गोळी यांपैकी काहीही आणू नये. मैदानावर घातलेले कपडे धुऊनच बॅगेत भरावेत, कारण विमानतळावर स्फोटकांचा अंश तपासतात.

गौतमपुऱ्याचे_जावई (इंदूर)

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला तुर्रा आणि कलगी या दोन दळांचे हिंगोट युद्ध, म्हणजे दारू भरलेली हिंगोटाची फळे पेटवून एकमेकांवर फेकण्याचा खेळ, पाहणारा मी माणूस, त्यामुळे दारूच्या वासाचे मला अप्रूप नाही. पण कापडाच्या धंद्यात असल्याने एक शंका विचारतो. गोळीभोवती गुंडाळायची ती चिंधी नेमकी कोणत्या कापडाची असते?

तीन_एफ

फार चांगला प्रश्न विचारलात, त्यातच काकांच्या भेटवस्तूचे उत्तर आहे. तेथे सर्वांत पसंत केले जाणारे कापड म्हणजे गादी-उशांच्या अभ्र्याचे घट्ट विणीचे, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुती कापड. शुद्ध सुती हवे. कृत्रिम धागा असेल तर तो नळीत वितळून चिकटतो. खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेले असावे. जाडी नेमकी किती हवी हे प्रत्येक नळीगणिक बदलते, म्हणून दोन-तीन जाडीचे नमुने आणल्यास त्या बाकांवर आपली चर्चा दिवसभर संपणार नाही.

रामबागकर, धागाकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. महूकर साहेबांच्या सूचना मुलीने कागदावर उतरवून घेतल्या आहेत आणि तिने त्यात ‘बाबांनी चष्मा काढू नये’ ही स्वतःची एक जोडली आहे. काल राजवाड्यामागच्या गादीवाल्याकडून तीन जाडीचे दोन-दोन मीटर कापड आणले. तो विचारत होता की, एवढ्याशा कापडाची गादी कोणासाठी करता. कापड दोनदा धुऊन वाळत घातले आहे. आता त्याचे गोल तुकडे येथेच कापून न्यावेत, की अखंड न्यावे?

तीन_एफ

कापू नका, काका. दोन बोटांहून थोड्या रुंद अशा लांब पट्ट्या फाडून आणा. पट्टीचे टोक नळीच्या तोंडावर ठेवून त्यावर गोळी दाबायची, आणि उरलेले कापड तेथेच सुरीने कापायचे. सुरी विमानाच्या सामानात घालू नका. ती कोणीही देईल.