रिडेव्हलपमेंटच्या करारात विजेसाठी कोणती कलमं आत्ताच घालून घ्यावीत?

मंडळी, मदत हवी आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगरात म्हाडाच्या वसाहतीत आमची चार मजली इमारत आहे. बिल्डर ठरलाय, डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा हातात आलाय. नवी इमारत २२ मजल्यांची, तीन लिफ्ट, खाली दोन बेसमेंट. सभेतली सगळी भांडणं कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पसवरून (बिल्डरने द्यायची ठोक रक्कम). विजेबद्दल अख्ख्या मसुद्यात एकच ओळ: ‘सोलर व जनरेटर नियमानुसार पुरवण्यात येईल.’ एवढ्यावर पुढची पन्नास वर्षं काढायची!

मुख्य धास्ती पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आमच्याकडे मीटरच्या लाकडी फळीपर्यंत पाणी चढलं होतं. भिंतीवरचा तो पट्टा रंग मारूनही दिसतो. आणि नव्या नकाशात मीटर रूम, एलटी पॅनेल (इमारतीची वीज वाटणारं मुख्य पॅनेल), पाण्याचे पंप, सगळं पहिल्या बेसमेंटमध्ये! आज वीज गेली तर चार जिने उतरून खालून बादली आणता येते. अठराव्या मजल्यावरच्या सत्तरीतल्या माणसाने काय करायचं? आर्किटेक्ट म्हणाले, "डीवॉटरिंग पंप आहेत ना, साचलेलं पाणी उपसायला." ते पंप कशावर चालणार, हे नाही सांगितलं. पॅनेल पोडियमवर (जमिनीच्या वरच्या पार्किंगच्या मजल्यावर) न्या म्हटलं तर दोन पार्किंग जातात, म्हणून बिल्डर नाखूश. पंप टाकीजवळ हवेत हे मान्य, पण त्यांचे स्टार्टर (पंप चालू-बंद करणारे डबे) तरी वर घेता येतील ना? की पाण्यात बुडून चालणारे सबमर्सिबल पंपच मागावेत?

दुसरं सोलर. कमिटीतल्या निम्म्यांना वाटतं, गच्चीवर पॅनेल बसली की वीज गेली तरी दिवे लागतील. साधी ऑन-ग्रिड सिस्टिम (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली) लाइन गेली की आपोआप बंद होते, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसेल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा ऊन असूनही अशी पॅनेल नुसती बसून होती. म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी हवी, निदान एक लिफ्ट, एक पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरती. डीजी सेट (डिझेल जनरेटर) असेल, पण गुडघाभर पाण्यातून डिझेल आणणार कोण?

एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात, वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. टाक्या आणि सावली वगळून २,५०० चौरस फूट मोकळे मिळाले तर २५ किलोवॉट. पण तिथे बिल्डरला ‘स्काय लाउंज’ करायचंय. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत. आमचा ताबा त्यानंतरचा, त्यामुळे ते पैसे मी हिशोबात धरतच नाही. तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किमीचा वारा नोंदला गेला होता, त्यामुळे पॅनेलच्या सांगाड्याचं वाऱ्याचं डिझाइनही लेखी हवं, असं मला वाटतं.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठी प्रत्येक पार्किंगपर्यंत रिकामा पाइप आणि ट्रान्सफॉर्मरला वाढीव जागा मागणार आहे. हे फार आहे का?

टॉवरमध्ये राहायला जाऊन तीन-चार वर्षं झालेल्यांनी कृपया सांगावं: गच्चीचा हक्क सोसायटीकडे राहावा यासाठी करारात नेमके कोणते शब्द घातलेत? कॉमन मीटरचं महिन्याचं बिल किती येतं? आणि पीएमसी (सोसायटीचा प्रकल्प सल्लागार) असतानाही वेगळा इलेक्ट्रिकल कन्सल्टंट नेमलात का, त्याची फी कोणी भरली? पुढच्या महिन्यात एसजीएम (विशेष सर्वसाधारण सभा) आहे, मसुद्यातले बदल त्याआधी वकिलांकडे द्यायचे आहेत.